चव्वेचाळिसाव्या वर्षी खेळणार कोण?

सुलभाकाकूंना आइस हॉकीतलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि नेमक्या ह्याच पात्रतेवर त्यांची लवाद म्हणून निवड झाली.

हसू नका, अमेरिकेतल्या कॅरी गावच्या मराठी मंडळींचा तसा लेखी नियमच होता. आठ घरांनी मिळून सहा वर्षांपूर्वी ‘त्रिकोण चषक’ नावाचा एक उद्योग मांडला होता, इथल्या मुलखालाच ‘ट्रायँगल’ म्हणतात म्हणून. प्रत्येक घराचा एक हॉकी संघ, पण कागदावरचा. खेळाडू मात्र खरे, बड्या व्यावसायिक लीगमधले. त्यांनी तिकडे खऱ्या बर्फावर गोल मारायचे, आणि ज्याच्या कागदावर त्यांचं नाव, त्याने इकडे सोफ्यावर नाचायचं. आता नॉर्थ कॅरोलायनात, जिथे ऑक्टोबरातही अर्ध्या बाह्यांचा शर्ट चालतो, तिथे हे वेड शिरलं कसं? तर शेजारी रॅलेला एक संघ आहे. आधी पोरं नादावली, मग त्यांचे बाप. ज्यांनी लहानपणी बर्फ पाहिला तो फक्त उसाच्या रसात, ती चाळिशीतली माणसं आता पॉवर प्ले आणि पेनल्टीवरून एकमेकांचे गळे धरत होती.

गळे धरायचे म्हटल्यावर सोडवणाराही लागतोच. चषकाचे आयुक्त मोहनराव. अठ्ठावन्न वर्षांचे, मूळ मुंबईचे, आणि हौस म्हणून बेचाळीस पानी घटना लिहून बसलेले गृहस्थ. त्यांनी त्या घटनेत कलमच घातलं होतं: भांडण झाल्यास, त्या वेळी ज्याच्या घरी भारतातून आई-वडील आलेले असतील, त्यांच्यातला एकजण लवाद. अट एकच, त्याला हॉकी कळता कामा नये. ज्याला खेळ कळतो त्याचा लाडका संघ असतो, आणि ज्याचा लाडका संघ असतो तो कसला न्याय करतो! पहिल्या वर्षी सोलापूरचे एक निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांनी दोन्ही बाजूंना पाढे म्हणायला लावले. पुढे एका आजींनी ‘खेळाडू अर्धा अर्धा घ्या’ असा निकाल दिला आणि तो कसा पाळायचा ह्यावर वर्षभर चर्चा चालली.

सुलभाकाकूंच्या आधीचे सगळे लवाद हौशी होते. काकू हौशी नव्हत्या. नागपूरच्या औद्योगिक न्यायालयात त्यांनी तेहेतीस वर्षं नोकरी केली, कारकून म्हणून लागल्या आणि शिरस्तेदार होऊन निवृत्त झाल्या. कामगार आणि मालक ह्यांची भांडणं त्यांनी इतकी ऐकली होती की माणूस तोंड उघडायच्या आधी तो कुठलं कलम काढणार हे त्यांना कळायचं. पक्षकाराचा चहा त्या तेहेतीस वर्षांत एकदाही प्यायल्या नाहीत. यजमान जाऊन सहा वर्षं झाली होती, स्वतःचं वय अडुसष्ट, गुडघे कुरकुरणारे, जीभ मात्र ठणठणीत.

मे महिन्यात त्या मुलाकडे, श्रीरंगकडे, कॅरीला आल्या. श्रीरंग औषधांच्या कंपनीत आकडेशास्त्रज्ञ. ह्या माणसाला कुठल्याही गोष्टीची सरासरी तोंडपाठ, पण मनातलं बोलायचं म्हटलं की घसा धरायचा. सून प्रीता चटपटीत, कामावरून आली की पहिल्यांदा आईंना आजचा दिवस कसा गेला ते विचारायची. नात अनिका तेरा वर्षांची, मुलींच्या हॉकी संघात गोलरक्षक. आजीने मराठीत विचारायचं, तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, आणि दोघींना सगळं समजायचं.

विमानतळावरून घरी येताना श्रीरंग समोरच्या ट्रकवर डोळे लावून म्हणाला होता, “आई, आता इथेच राहा. कायमची.” ग्रीन कार्डाचा अर्ज त्याने भरूनही ठेवला होता. फक्त काकूंची सही बाकी. तो कागद हॉलमधल्या ड्रॉवरमध्ये मेपासून तसाच पडून होता. परतीचं तिकीट होतं नऊ नोव्हेंबरचं.

सही का केली नाही? काकूंनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण त्या रोज स्वतःशी बोलायच्या. पोरगा म्हणाला खरा, पण मनापासून म्हणाला की म्हणायचं असतं म्हणून म्हणाला? त्या झोपायच्या त्या खोलीला घरात सगळे अजून ‘गेस्ट रूम’च म्हणायचे. खोलीत व्यायामाचं यंत्र होतं, त्यावर काकूंच्या साड्या वाळत. जेवायच्या टेबलाला खुर्च्या चार. खिडकीजवळची श्रीरंगची, त्याच्या बाजूला प्रीता, समोर अनिका, आणि चौथीवर अनिकाचं हॉकीचं अवजड किट. काकू ओट्याशी स्टूलवर बसून जेवायच्या. “मला इथून गॅस दिसतो,” असं त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. तिथे बस असं त्यांना कुणी म्हणालं नव्हतं, आणि बसू नको असंही कुणी म्हणालं नव्हतं. स्टूलच्या दांडीवर पाय टेकवून बसलं की गुडघा दुखायचा. म्हाताऱ्या माणसाला घरात ठेवतात की घराच्या यादीत ठेवतात, हा प्रश्न काकूंना खात होता.

असो. तर भांडणाकडे येऊ.

सप्टेंबरअखेर चषकाचा लिलाव झाला. प्रत्येक घराला वर्षाला शंभर खोटी नाणी, त्यात सगळा संघ बसवायचा. एखादा खेळाडू कुणाला मिळणार, हे पहिल्या पाच वर्षांत कोण जास्त नाणी देतो त्यावर ठरायचं, कारण खरा खेळाडूही आधी हातात काय पडतं तेच बघतो. पण शंभराच्या मर्यादेत मात्र त्या कराराची वार्षिक सरासरी धरायची. ही घटनेतली फट मोहनरावांना सहा वर्षं दिसली नव्हती. श्रीरंगला दिसली. आकडेशास्त्रज्ञच तो!

निल्स बर्गडाल नावाचा एकोणतीस वर्षांचा स्वीडिश खेळाडू लिलावात होता. सगळ्यांची नजर त्याच्यावर. सत्यजितने त्याला पाच वर्षं, दरवर्षी चौदा नाणी लावली. श्रीरंगने शांतपणे लिफाफा पुढे केला: करार पंधरा वर्षांचा. पहिली पाच वर्षं सोळा-सोळा नाणी, पुढची दहा वर्षं एक-एक. एकूण नव्वद, सरासरी सहा. म्हणजे सोळाचा घोडा सहाच्या भावात तबेल्यात!

सत्यजित उडालाच. हा मूळचा सदाशिव पेठेतला, सॉफ्टवेअरमधला, आणि नियमावली उशाशी घेऊन झोपणारा. “अरे, चषकाला सहा वर्षं झालीत आणि तू पंधरा वर्षांचा करार करतोस? शेवटच्या वर्षी तो चव्वेचाळीस वर्षांचा असेल! एका नाण्यावर कोण खेळणार, त्याचं भूत?”

“नियमात कुठे लिहिलंय की खेळता येत नाही?” श्रीरंग म्हणाला.

खऱ्या लीगमध्येही असं रामायण झालेलं होतं म्हणे. एका बड्या खेळाडूचा सतरा वर्षांचा, आधी मलिदा आणि शेवटी चुरा असा करार लीगने फेटाळला. लवाद बसला, आणि लवादानेही तो करार रद्द ठरवला. पुढे लीगने वर्षांवरच मर्यादा घातली. सत्यजितने हा सगळा इतिहास ग्रुपवर अकरा मेसेज टाकून मांडला. श्रीरंगने एका ओळीत उत्तर दिलं, “आपल्या घटनेत ते कलम नाही.” मोहनराव लाजेने दोन दिवस ग्रुपवर आलेच नाहीत.

शेवटी लवादाची वेळ आली. पाहतात तर कॅरीत त्या घडीला आई-वडील शिल्लक फक्त एका घरी: श्रीरंगकडे. बाकीचे सगळे थंडीच्या आधी पांगले होते.

मोहनरावांनी फोन केला तेव्हा काकू कोथिंबीर निवडत होत्या. “ताई, अडचण अशी आहे की प्रतिवादी तुमचा मुलगा आहे. सत्यजितची हरकत असेल तर...”

“माझी हरकत नाही,” फोनमध्येच मागून सत्यजितचा आवाज आला. “काकू, गणपतीत तुम्ही श्रीरंगला सगळ्यांसमोर झापलंत ना, तेव्हाच मी ओळखलं. तुमच्यापेक्षा निष्पक्ष माणूस ह्या राज्यात नाही.”

श्रीरंगही हो म्हणाला, वर आईच आहे म्हणून मनातल्या मनात खूशही झाला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. काकूंनी मात्र फोन ठेवल्या ठेवल्या घरात जाहीर केलं, “श्रीरंग, निकाल लागेपर्यंत माझ्याशी केसबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. आणि प्रीता, तूसुद्धा मध्ये पडू नको, बाप्पा. मी पक्षकाराच्याच घरचं जेवून राहिली आहे, तेवढंच पाप पुरे.”

पुढचे दहा दिवस काकूंचं रूपच पालटलं. वही आली, पेन आलं, चष्म्याची दोरी आली. अनिकाच्या सरावाला त्या रोज रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, जाऊ लागल्या, अंगावर स्वेटर, त्यावर शाल, कानाला मफलर. पण खेळ शिकायचा नाही, अपात्र ठरतील, म्हणून त्या बर्फाकडे पाठ करून बसायच्या आणि अनिकाला फक्त तथ्यं विचारायच्या.

“खेळाडूला बसायला जागा असते का गं?”

“ऑफ कोर्स, आज्जी. बेंच असतो. अँड लॉकर रूममध्ये एव्हरीवन हॅज अ स्टॉल टु सिट इन, नाव लिहिलेला.”

“नाव लिहिलेला?”

“येस. तुझा स्टॉल गेला मीन्स यू आर आउट.”

काकूंनी वहीत हे दोनदा अधोरेखित केलं.

सुनावणी रविवारी दुपारी तीनला, रिंकच्या वरच्या मजल्यावरच्या खाण्याच्या जागी. काचेतून खाली बर्फ दिसायचा. आठही घरं हजर. सत्यजित येताना आंब्याची बर्फी घेऊन आला आणि डबा काकूंपुढे सरकवला.

“हे काय?”

“काही नाही काकू, घरचीच आहे.”

“निकालानंतर. आत्ता तो डबा मोहनरावांच्या ताब्यात द्या,” काकू म्हणाल्या, आणि सत्यजितचे कान लाल झाले. बाकीच्यांनी बर्फीकडे हताशपणे पाहिलं.

आधी सत्यजित बोलला, वीस मिनिटं. मुद्दा एकच होता, पण पुणेरी माणसाने तो सात उपमुद्द्यांत मांडला. मग श्रीरंग उभा राहिला. आईसमोर उभं राहून बोलायची सवय दहावीनंतर मोडलेली, त्यामुळे एक हात खिशात घालावा की दोन, इथपासून त्याची अडचण.

“करार स्पष्ट आहे,” तो म्हणाला. “पंधरा वर्षं लिहिलीत, प्रत्येक वर्षासमोर नाणी लिहिलीत. चव्वेचाळिसाव्या वर्षी माणूस खेळू शकत नाही असं नाही. ह्या लीगमध्ये एकजण बावन्नाव्या वर्षापर्यंत खेळलाय.”

“अरे, तो एक होता!” सत्यजित ओरडला.

“तुम्ही बसा,” काकू म्हणाल्या. सत्यजित बसला. काकूंनी चष्मा पुसला. “मोहनराव, नोंद घ्या. मी एक जुनी गोष्ट सांगते. आमच्या कोर्टात एक केस आली होती. एका कारखान्याने निवृत्त झालेल्या फोरमनला कागदोपत्री दहा वर्षांसाठी सल्लागार नेमलं होतं. सह्या होत्या, शिक्के होते, सगळं चोख. का नेमलं, तर यादीत नाव दिसावं म्हणून. आमच्या साहेबांनी मालकाला दुसरं काही विचारलंच नाही. एवढंच म्हणाले, ह्या माणसाची खुर्ची कुठे आहे ते दाखवा. मालक इकडे बघतो, तिकडे बघतो. खुर्ची नव्हतीच. अन् तो म्हातारा फोरमन कोपऱ्यात उभा होता. त्याला तोवर वाटायचं, आपल्याला खरंच ठेवलंय. मी त्याचं तोंड अजून विसरली नाही.”

खाली बर्फ गुळगुळीत करणारं ते अगडबंब यंत्र फेऱ्या मारत होतं.

“श्रीरंग,” काकू म्हणाल्या, “बर्गडाल चव्वेचाळीस वर्षांचा होईल त्या वर्षी तुझ्या संघात त्याचा स्टॉल कुठे असेल? तू त्याला बर्फावर उतरवणार आहेस का? खरं सांग.”

श्रीरंगने खिशातला हात काढला. हो म्हणाला असता तर कुणाच्या बापाला खोटं पाडता आलं नसतं, पंधरा वर्षांनी बघायला येतंय कोण! काकू मात्र त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. पोरगा खोटं बोलला तर? तेहेतीस वर्षांत त्यांनी सराईतपणे खोटं बोलणारी पोरं पाहिली होती, आणि ती सगळी कुणाची तरी पोरंच होती.

“नाही,” श्रीरंग म्हणाला. “तो एकोणचाळिसाव्या वर्षीच निवृत्त होईल असं मी धरलंय. शेवटची वर्षं सरासरी खाली आणायला घातलीत.”

काकूंना इतका आनंद झाला की उठून त्याच्या गालावरून हात फिरवावासा वाटला. पण त्या लवाद होत्या. त्यांनी घसा साफ केला आणि निकाल सांगितला, मोहनरावांनी तो शब्द न शब्द टिपला:

“शेवटच्या वर्षांत खेळाडूला जागा नाही, काम नाही, आणि ठेवणाऱ्याच्या मनात त्याला ठेवायचं नाही. माणसाचं वर्ष हे पिशवी भरायची भरताड नव्हे. ज्या वर्षी त्याची खुर्ची दाखवता येत असेल आणि त्याचं काम सांगता येत असेल, तेवढीच वर्षं करारात लिहावीत. हा करार रद्द. प्रतिवादी खरं बोलला ह्याची नोंद घ्यावी.”

सत्यजितने टाळ्या वाजवल्या, काकूंनी डोळे वटारले, त्याने टाळ्या थांबवल्या. बर्गडाल त्याच्याकडे गेला. मग बर्फीचा डबा उघडला आणि जो तो आपापला मुद्दा विसरला. श्रीरंगने दोन तुकडे जास्तच खाल्ले, नुकसानभरपाई म्हणून.

इथे कथा संपली असती तर काकूंना बरं झालं असतं. पण दुसऱ्याला विचारलेला प्रश्न रात्रभर आपल्याच उशाशी येऊन बसतो, त्याला काय करणार?

सोमवारी सकाळी श्रीरंग कामाला निघता निघता म्हणाला, “आई, तुझ्यामुळे माझा बर्गडाल गेला हं.”

“तुझ्या लबाडीमुळे गेला,” काकू म्हणाल्या. मग त्यांनी हातातलं फडकं ओट्यावर ठेवलं. “श्रीरंग, एक विचारू? तू मला कायमची राहा म्हणालास. माझी खुर्ची कुठे आहे?”

त्याने स्वयंपाकघरात पाहिलं. टेबलाच्या चार खुर्च्यांकडे पाहिलं, हॉकीच्या किटकडे पाहिलं, ओट्याजवळच्या स्टूलकडे पाहिलं. “मला... ऑफिसला उशीर होतोय,” असं काहीतरी म्हणाला आणि गेला.

गाडी गेल्याचा आवाज आला, आणि काकूंना फार वाईट वाटलं. काय गरज होती विचारायची? झाकली मूठ सव्वा लाखाची! न विचारता सहा महिने आनंदात गेले असते, वर्षातून एकदा आलो असतो, गेलो असतो. त्यांनी दुपारी बॅग काढली. नागपूरच्या शेजारणींसाठी आणलेले बदाम खाली घातले, त्यावर साड्या. मंगळवारी श्रीरंग काही बोलला नाही. बुधवारी नाही. गुरुवारी त्याने फक्त विचारलं, “आई, तुझं पूर्ण नाव पासपोर्टवर कसं आहे?” काकू मनात म्हणाल्या, तिकिटासाठी विचारत असेल. त्या रात्री त्यांनी बॅगेला कुलूप लावलं.

शनिवारी सकाळी काकूंनी कोथिंबीर-मिरची भरलेल्या पुडाच्या वड्या करायला घेतल्या होत्या. जाण्याआधी पोरांना एकदा पोटभर खाऊ घालावं, एवढाच विचार. श्रीरंग आला आणि त्याने ओट्यावर दोन पानं ठेवली, त्रिकोण चषकाच्या नमुन्यात छापलेली. मागे प्रीता उभी, आणि अनिका दाराला टेकून नखं खात.

“हे काय आहे?”

“करार. वाच.”

काकूंनी हात धुतले, चष्मा लावला आणि शिरस्तेदाराच्या सवयीने पहिल्या अक्षरापासून वाचायला लागल्या. खेळाडूचं नाव: त्यांचं, पासपोर्टवर होतं तसं. वय अडुसष्ट. मुदत: पंधरा वर्षं. खाली तक्ता, वर्षागणिक नाणी, काम आणि खुर्ची.

पहिल्या पाच वर्षांपुढे काम लिहिलं होतं: अनिकाच्या मॅचला सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडणं. त्रिकोण चषकाच्या कायम लवाद, ह्या कारणास्तव हॉकी शिकायला बंदी. श्रीरंगला चारचौघांत झापणं, आठवड्यातून किमान एकदा. प्रीताबरोबर गुरुवारी वाणसामान आणायला जाणं. खुर्चीच्या रकान्यात पंधराही वर्षं एकच ओळ होती: जेवायच्या टेबलाची, खिडकीकडची. खाली बारीक अक्षरात, श्रीरंग चौथ्या खुर्चीवर जाईल, किट गॅरेजमध्ये जाईल, खोलीतलं यंत्रही गॅरेजमध्ये जाईल, आणि ‘गेस्ट रूम’ म्हणणाऱ्याने भांडी घासायची.

“आय ऑलरेडी हॅव टू डू इट टुनाइट,” अनिका पुटपुटली.

काकूंनी दुसरं पान उलटलं. सहाव्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत, त्र्याऐंशी वयापर्यंत, कामाचा रकाना कोरा होता. त्यांनी पानाची मागची बाजू पाहिली. तिथेही काही नव्हतं.

“शेवटच्या दहा वर्षांत काम लिहिलं नाहीस.”

“नाही लिहिलं.” श्रीरंग आज अडखळला नाही. “तेव्हा तुला काय जमेल, काय नाही, मला माहीत नाही आई. खोटं लिहायचं नव्हतं. काही नाही करायचं. नुसतं असायचं.”

“अन् नाणी?”

“सोळा. पहिल्या वर्षी सोळा, शेवटच्या वर्षी सोळा. सरासरी सोळाच येते, काढून बघ.”

काकूंनी काढून पाहिली नाही. त्यांना आकडे दिसतच नव्हते. त्यांनी पदराने चष्मा पुसला, मग डोळे पुसले, मग पुन्हा चष्मा. मिरचीचा हात डोळ्याला लागला म्हणावं तर हात नुकतेच धुतलेले.

“हे माझ्याच निकालाच्या विरुद्ध आहे,” त्या कशाबशा म्हणाल्या. “काम सांगता येत नसेल ते वर्ष लिहायचं नाही, असं म्हटलंय मी.”

“म्हटलंयस. मग फेटाळ,” श्रीरंग म्हणाला. “मी अपील करीन.”

प्रीता हसली. काकूंनी पेन मागितलं. पण शिरस्तेदारीणबाई त्या, सही इतक्या स्वस्तात मिळायची नव्हती. त्यांनी आधी शेवटी एक कलम स्वतःच्या हाताने वाढवलं: कार्ड आल्यावर दर वर्षी डिसेंबर आणि जानेवारी खेळाडू नागपूरला राहील, संत्र्यांचा हंगाम असल्यामुळे, आणि त्याबद्दल कुणी तोंड वाकडं करायचं नाही. मग विचारलं, “साक्षीदार कुठे आहेत?” प्रीताने सही केली. अनिकाने मराठीत केली, जोडाक्षर नसल्यामुळे बरी आली. मग काकूंनी दोन्ही पानांवर खाली उजव्या कोपऱ्यात सही केली, आणि श्रीरंगला म्हणाल्या, “जा, ड्रॉवरमधला तो अर्ज आण. अन् नऊ तारखेचं तिकीट कॅन्सल कर.”

तो अर्ज आणायला धावला. अनिका किट ओढत गॅरेजकडे निघाली, सगळ्या घरभर पॅड सांडत. काकू टेबलाकडे गेल्या, खिडकीकडची खुर्ची मागे ओढली आणि बसल्या. बाहेर शेजाऱ्याचं मेपलचं झाड लाल झालेलं दिसत होतं. सहा महिने ते ह्याच घरातून दिसत होतं आणि त्यांना पत्ता नव्हता.

“इथून गॅस दिसत नाही, बाप्पा,” त्या म्हणाल्या.

“मी बघते ना, आई,” प्रीता म्हणाली आणि चहाचं आधण ठेवलं.

काकूंनी चपला काढल्या, दोन्ही पाय वर घेतले आणि नागपूरच्या घरी बसायच्या तशी खुर्चीतच मांडी घातली. “आलं किसून घाल,” त्या म्हणाल्या, “अन् चार कप ठेव.”